व्हिपसॉ

मंगळवारी संध्याकाळी, विलापा खाडीच्या काठी,
चर्चच्या तळघरात, जिथे रविवारच्या सूपचा वास
आठवडाभर मुक्कामाला असतो,
मी फळ्यावर शब्द लिहिला : व्हिपसॉ.
आठ विद्यार्थी. कालवांच्या कवचांनी चिरलेले हात,
बोटांत पेन्सिल अशी धरलेली,
जणू तीही सुरी घालून उघडायची आहे.

म्हणाले, नाम आहे. लांब करवत, दोन मुठींची,
एक माणूस वर, एक खाली.
आणि क्रियापदही आहे, घ्या लिहून :
एकदा या बाजूने मार, सावरायच्या आत त्या बाजूने.
चढतंय म्हणून घेतलं, घेतलं तसं पडलं.
घाबरून विकलं, विकलं तसं चढलं.
माझ्या लायलचं असंच झालं, बोट गेली
(हे मी शिकवण्याच्या ओघात सांगून बसले).
वारं फिरणं वेगळं. वारं एकदा फिरतं.
हा शब्द दोनदा फिरतो,
आणि दोन्ही वेळा मध्ये तुम्ही असता.

शिवाय हे क्रियापद बहुधा कर्मणीच भेटतं.
करणारा वाक्यात नसतो.
का नसतो, मिरोस्लावानं विचारलं.
सवय, मी म्हणाले. भाषेची.

मग जुन्या टिपणातून वाचलं :
कारण ही करवत
जातानाही कापते, येतानाही कापते.

नाही, असं शेवटच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.
हीटर नेमका बंद पडला होता, म्हणून ऐकू आलं.

एउस्ताकियो. कधी बोलत नाही.
त्याला इंग्रजी दोनशे शब्द येत असतील,
त्यातले दीडशे कालवांचे.
उरलेल्या पन्नासांत आणि दोन्ही हातांनी
त्यानं वेवेतेनांगोचा डोंगर उभा केला :
ओंडका मचाणावर. मी वर, नजर रेघेवर.
खाली भाऊ, बाल्तासार, डोळे मिटून,
भुवयांत भुस्सा, कानात भुस्सा, गाण्यात भुस्सा.
करवत कापते फक्त खाली जाताना.
वर येताना कापत नाही, बाई.
वर येताना नुसती जड असते.

एकोणीस वर्षं शिकवतेय मी हा शब्द.
करवतीला हात लावलेला नाही.

मग त्यानं जॅकेटच्या आतून तीन पत्रं काढली,
बाकावर पत्त्यांसारखी मांडली.
जानेवारीचं : राहा.
मार्चचं : निघा.
कालचं : पुढील सूचनेपर्यंत राहा.
तिन्ही एकाच जाडीच्या कागदावर,
तिन्हींच्या खाली एकच सही, छापील.

यातलं कापतं कुठलं,
मी मूर्खासारखं विचारलं.
त्यानं मधल्यावर बोट ठेवलं.
मग थोडा वेळ थांबून, इतर दोन गोळा करत :
ही जड.

घरी येऊन मोठा शब्दकोश उतरवला.
वरच्या माणसाला नाव आहे, टॉप सॉयर,
आणि ते नाव पुढे वाढलं, शहरात गेलं,
बड्या असामीला लोक तसं म्हणू लागले.
खालच्यालाही नाव आहे.
ते खड्ड्यातच राहिलं.
लायल विचारत होता, जेवायचं का.
मी म्हणाले हो, मग म्हणाले नको, थांब.

पुढच्या मंगळवारी गृहपाठ तपासला.
सगळ्यांनी कर्मणी प्रयोग नीट केलेला :
मी कापली गेले, आम्ही कापले गेलो,
माझी मावशी दोन बँकांकडून कापली गेली.
एउस्ताकियोच्या वहीत तीन ओळी,
स्पेलिंग चुकलेलं, कर्ते जागच्या जागी :

बाल्तासारनं खाली ओढली.
मी वर उचलली.
आईच्या घराला दार झालं.

समासात लिहिलं, दिलेला शब्द वापरला नाही.
मग खोडलं.
मग पुन्हा लिहिलं,
कारण परीक्षा जूनमध्ये आहे.